दोन युद्धे, एक खजिना

अमेरिकेच्या इतिहासातील १९६० ते १९७० हे दशक म्हटले, की आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे केनेडी बंधूंच्या हत्या, मार्टिन ल्यूथर किंग यांचे मोर्चे, व्हिएतनामची जळती खेडी, विद्यापीठांतील निदर्शने आणि शेवटी चंद्रावर उतरलेला माणूस अशी चित्रे एकामागून एक उभी राहतात. या चित्रांच्या मध्यभागी पाच वर्षे दोन महिने जो माणूस उभा होता, त्याचे नाव मात्र चटकन ओठांवर येत नाही. आले तरी ते केनेडींच्या जागी योगायोगाने बसलेला आणि व्हिएतनामच्या चिखलात रुतलेला अध्यक्ष एवढ्याच ओळखीने येते. लिंडन बेन्स जॉन्सन यांच्यावर हा निव्वळ अन्याय आहे, असे मी म्हणणार नाही. पुष्कळसा त्यांनी स्वत:च ओढवून घेतला. परंतु सार्वजनिक वित्तव्यवहार हा विषय शिकवणाऱ्याला या चरित्राचे आकर्षण वाटते ते वेगळ्या कारणासाठी. या माणसाने एकाच वेळी दोन युद्धे अंगावर घेतली. दारिद्र्याविरुद्धचे युद्ध त्यांनी गाजावाजाने पुकारले. व्हिएतनामचे न पुकारताच लढले. दोहोंचा खर्च एकाच खजिन्यातून व्हायचा होता आणि त्याचा खरा आकडा त्यांनी लोकांपुढे वेळेवर ठेवला नाही. व्हिएतनामने जॉन्सन यांच्या समाजसुधारणेचा बळी घेतला असे सर्रास लिहिले जाते. माझ्या मते तो बळी युद्धाइतकाच या झाकलेल्या हिशेबाने घेतला.

जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्सासमधील पेडर्नालेस नदीकाठच्या एका शेतघरात झाला. वडील सॅम जॉन्सन हे राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते. बाणेदार, बोलघेवडे आणि व्यवहारात कच्चे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत त्यांनी कर्ज काढून शेती विकत घेतली आणि लगोलग कापसाचे भाव कोसळले. शेत गेले, कर्ज राहिले, आणि कालपर्यंत गावात मानाने वावरणारे कुटुंब उधारीवर जगू लागले. आई रिबेका शिकलेली, वाचनाची आवड असलेली होती. मुलाने शिकावे हा तिचा ध्यास होता. पण मुलगा शाळा संपताच कॅलिफोर्नियाला निघून गेला, परत आला, काही काळ रस्त्याच्या कामावर खडी-मातीची मजुरी केली आणि मग कुठे १९२७ साली सॅन मार्कोस येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात दाखल झाला.

या शिक्षणाला पैसे पुरेनात म्हणून मध्येच एक वर्ष नोकरी करावी लागली. मेक्सिकोच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोटुला नावाचे गाव आहे. तेथील मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या वेगळ्या शाळेत १९२८ साली जॉन्सन शिक्षक म्हणून गेले. मुले सकाळी उपाशीपोटी येत. पहिल्या पगारातून या वीस वर्षांच्या मास्तराने त्यांच्यासाठी खेळाचे साहित्य आणले. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर या शाळेचा उल्लेख ते वारंवार करीत. राजकारण्याच्या अशा आठवणींवर फार विश्वास ठेवू नये, हे खरे. परंतु ही आठवण केवळ भाषणापुरती नव्हती, याची साक्ष नंतरच्या कायद्यांतून मिळते.

१९३१ मध्ये एका प्रतिनिधीचे सचिव म्हणून ते वॉशिंग्टनला पोहोचले. १९३४ साली क्लॉडिया टेलर या सधन घरातील मुलीशी त्यांचा विवाह झाला; सारे जग तिला लेडी बर्ड या लाडक्या नावानेच ओळखते. पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी काढलेल्या राष्ट्रीय युवक योजनेचे टेक्सासमधील प्रमुखपद त्यांना मिळाले आणि १९३७ साली ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले. त्यांच्या मतदारसंघातील डोंगराळ भागात तेव्हा वीज नव्हती. बायका विहिरीचे पाणी ओढून आणीत, कपडे लाकडाच्या चुलीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्रीने करीत. ग्रामीण विद्युतीकरणाच्या नियमानुसार दर मैलामागे किमान तीन घरे असल्याशिवाय तारा टाकता येत नव्हत्या, आणि या विरळ वस्तीत तेवढी घरे कोठून असणार? जॉन्सन थेट रूझवेल्ट यांच्याकडे गेले, नियमाला अपवाद करवून घेतला आणि सहकारी संस्थेमार्फत १९३९ पर्यंत तेथे दिवे लागले. सरकारने खर्च केला तर माणसाचे आयुष्य एका रात्रीत पालटते, ही त्यांची श्रद्धा पुस्तकातून आलेली नव्हती.

या चित्राची दुसरी बाजूही तितकीच ठसठशीत आहे. १९४८ च्या सिनेट निवडणुकीत पक्षांतर्गत लढतीची दुसरी फेरी जॉन्सन यांनी जिंकली ती सुमारे दहा लाख मतांतून अवघ्या ८७ मतांनी. आणि ती मते ॲलिस या गावच्या १३ क्रमांकाच्या पेटीतून मतदानानंतर सहा दिवसांनी वाढून आली. वाढलेल्या सुमारे २०० मतदारांची नावे यादीच्या शेवटी चक्क वर्णानुक्रमाने लिहिलेली होती! पत्नीच्या नावे १९४३ साली घेतलेल्या ऑस्टिनच्या नभोवाणी केंद्राची भरभराटही सरकारी परवान्यांच्या कृपेवाचून झाली नसावी, असे मानणारे पुष्कळ आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, १९३७ पासून पुढची वीस वर्षे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे जे जे विधेयक समोर आले त्याच्या विरुद्ध त्यांनी मत दिले. दक्षिणेत निवडून यायचे तर हे करावेच लागे, असे त्यांचे समर्थक म्हणत. १९५५ मध्ये सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेतेपद मिळाल्यावर, राष्ट्रीय पातळीवर जायचे तर दक्षिणेचा शिक्का पुसला पाहिजे हे त्यांच्या ध्यानात आले, आणि १९५७ चा दुबळा का होईना पण नागरी हक्क कायदा त्यांनीच संमत करवून घेतला. माणसांना गाठून, दंडाला धरून, त्यांची गरज आणि भीती दोन्ही ओळखून मते गोळा करण्याची त्यांची हातोटी असामान्य होती.

१९६० साली केनेडींनी त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली ती दक्षिणेतील मतांसाठी. त्यानंतरची तीन वर्षे या धडपड्या माणसाने जवळजवळ अडगळीत काढली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे केनेडींची हत्या झाली आणि त्याच दुपारी विमानात जॉन्सन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली.

पुढच्या सात महिन्यांत त्यांनी जे केले ते विधिमंडळीय राजकारणाचा वस्तुपाठ म्हणून अभ्यासावे असे आहे. केनेडींची दोन मोठी विधेयके रखडली होती : करकपातीचे आणि नागरी हक्कांचे. करकपात सिनेटच्या अर्थसमितीचे सनातनी अध्यक्ष हॅरी बर्ड यांनी अडवून धरली होती. सरकारचा वार्षिक खर्च १०,००० कोटी डॉलरच्या आत आल्याशिवाय ते हलणार नव्हते. जॉन्सन यांनी तो ९,७९० कोटींवर आणून दाखवला आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये कायदा झाला. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९१ टक्क्यांवरून ७० वर आणि किमान दर २० वरून १४ टक्क्यांवर येणार होता. मागणी कमी असताना तूट पत्करूनही कर घटवावेत, हा केन्सप्रणीत विचार शांततेच्या काळात अमेरिकेने इतक्या उघडपणे प्रथमच स्वीकारला. तो यशस्वीही झाला; १९६१ साली साडेसहा टक्क्यांच्या वर असलेली बेकारी १९६५ च्या अखेरीस चार टक्क्यांवर उतरली. नागरी हक्क विधेयकाला दक्षिणेतील सिनेटरांनी अखंड भाषणांच्या मार्गाने रोखले. त्यांचे पुढारी रिचर्ड रसेल हे जॉन्सन यांचे राजकारणातील गुरू. पण शिष्याने माघार घेतली नाही. १० जून रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद करण्यात आली आणि २ जुलै १९६४ रोजी उपाहारगृहे, वसतिगृहे, नोकऱ्या यांतील वंशभेद बेकायदा ठरला.

दरम्यान जानेवारीतील अभिभाषणात त्यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध जाहीर केले होते. गरीब कोणाला म्हणायचे, याचे माप त्या सुमारास सामाजिक सुरक्षा प्रशासनातील मॉली ऑर्शान्स्की या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी बसवले. कुटुंबाच्या किमान आहाराचा खर्च काढायचा आणि त्याची तिप्पट करायची, अशी ती साधी रीत. पुण्याच्या गोखले संस्थेतील दांडेकर व रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याची रेषा उष्मांकांवरून काढली, तिच्याशी या रीतीचे नाते जवळचे आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे अन्नाला तिपटीने गुणण्याइतका इतर खर्चच गरिबाच्या घरी नव्हता. ऑर्शान्स्कींच्या मापाने १९६४ साली सुमारे १९ टक्के अमेरिकन गरीब होते. त्यांच्यासाठी ऑगस्ट १९६४ मध्ये आर्थिक संधीचा कायदा झाला आणि पहिल्या वर्षासाठी सुमारे ८० कोटी डॉलर मंजूर झाले. युद्ध म्हणावे अशी ही रक्कम नव्हे. तथापि सुरुवात म्हणून ती ठीक होती, आणि पुढे वाढेल अशी सर्वांची अपेक्षा होती.

त्याच ऑगस्टमध्ये दुसऱ्या युद्धाचीही मुहूर्तमेढ झाली. टोंकिनच्या आखातात २ तारखेला उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी अमेरिकन युद्धनौकेवर हल्ला केला. ४ तारखेला दुसरा हल्ला झाल्याचे जाहीर करण्यात आले. तो झालाच नव्हता, हे आता निर्विवाद आहे. ७ ऑगस्टला प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी अध्यक्षांना हवी ती लष्करी कारवाई करण्याची मोकळीक दिली. जॉन्सन स्वत: या युद्धाविषयी किती साशंक होते हे त्यांच्या दूरध्वनी-संभाषणांच्या ध्वनिफिती खुल्या झाल्यावर जगाला कळले. हे युद्ध लढण्याच्या लायकीचे नाही आणि त्यातून बाहेर पडण्याची वाटही दिसत नाही, अशी घालमेल त्यांनी २७ मे १९६४ रोजीच मॅकजॉर्ज बंडी यांच्याजवळ बोलून दाखवली होती. ज्याला धोका दिसत नव्हता त्याने केलेली चूक समजू शकते. येथे तर डोळे उघडे ठेवून खड्ड्याकडे चालत जाणारा माणूस आहे.

नोव्हेंबर १९६४ च्या निवडणुकीत त्यांनी गोल्डवॉटर यांचा ६१ टक्के मते मिळवून पराभव केला. पाठोपाठ आलेले १९६५ हे साल अमेरिकन कायद्यांच्या इतिहासात विलक्षण आहे. ११ एप्रिलला शिक्षण-साहाय्याच्या कायद्यावर त्यांनी सही केली ती बालपणीच्या शाळेपाशी, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून. ३० जुलैला वृद्धांच्या वैद्यकीय विम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा कायदा झाला. सहीसाठी ते मिसुरीतील इंडिपेंडन्स गावी गेले, कारण वीस वर्षांपूर्वी आरोग्यविम्याची योजना मांडून हरलेले ट्रूमन तेथे राहत होते. पुढच्या वर्षी ही योजना सुरू होताना सरकारने अट घातली, की गोऱ्या आणि काळ्या रुग्णांना वेगळे ठेवणाऱ्या रुग्णालयाला पैसे मिळणार नाहीत. दक्षिणेतील हजारो रुग्णालयांच्या पाट्या आणि दालने काही महिन्यांत बदलली. शंभर भाषणांनी जे झाले नसते ते देयके अडवण्याच्या अधिकाराने झाले. ७ मार्चला अलाबामातील सेल्मा येथे पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपले होते. त्याचे उत्तर म्हणून ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा आला. मिसिसिपी राज्यात १९६४ साली जेमतेम ७ टक्के कृष्णवर्णीय प्रौढांची मतदार म्हणून नोंद होती, ती १९६७ पर्यंत ६० टक्क्यांच्या घरात गेली. ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी स्थलांतराचा कायदा झाला. त्यापूर्वी भारतीयांना वर्षाला सुमारे शंभर परवान्यांचा कोटा होता. पुणे-मुंबईचे जे डॉक्टर आणि अभियंते पुढे अमेरिकेत स्थायिक झाले आणि ज्यांनी तेथे गावोगावी महाराष्ट्र मंडळे उभारली, त्यांना दार उघडून दिले ते या कायद्याने. बेसमेंटात गणपती बसवणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे!

आता या साऱ्याच्या ऐन मध्यावर असलेल्या एका तारखेकडे वळतो. ८ मार्च १९६५ रोजी अमेरिकन मरीन तुकड्या दा नांग येथे उतरल्या होत्या. जुलैपर्यंत सेनापती वेस्टमोरलँड यांची मागणी कितीतरी पटींनी वाढली. संरक्षणमंत्री मॅकनामारा यांचा सल्ला होता की राखीव दले बोलवावीत आणि करवाढ करावी. परराष्ट्र खात्यातील जॉर्ज बॉल यांचा सल्ला होता की युद्धच नको. जॉन्सन यांनी मधला, आणि माझ्या मते सर्वांत वाईट, मार्ग पत्करला. युद्ध वाढवायचे, पण राखीव दले नाहीत, करवाढ नाही आणि राष्ट्राला उद्देशून रात्रीचे भाषणही नाही. २८ जुलैला भरदुपारच्या पत्रकार परिषदेत त्यांनी सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेत असल्याचे सांगून टाकले. आणखी पाठवावे लागणार हे ठरल्यासारखेच होते; वर्षअखेर ते १ लाख ८४ हजारांवर गेले. मेडिकेअरवरची सही या घोषणेनंतर दोनच दिवसांनी झाली. हा कालक्रम योगायोगाचा नव्हता. युद्धाचा खरा खर्च सांगितला तर अमेरिकन काँग्रेसमधील सनातनी मंडळी तेच निमित्त करून मेडिकेअर आणि मतदान हक्क दोन्ही गाडतील, अशी त्यांना भीती होती. भीती निराधार नव्हती. कोरियाच्या युद्धात ट्रूमन यांच्या सुधारणांचे हेच झाले होते. परंतु ट्रूमन यांनी त्या युद्धासाठी कर वाढवले होते, हा भाग जॉन्सन यांनी सोयीस्करपणे दृष्टीआड केला.

अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गात उत्पादनशक्यतेचा वक्र शिकवताना तोफा आणि लोणी यांचे उदाहरण घेतात. बेकार माणसे आणि बंद यंत्रे शिल्लक असतील तोवर दोन्ही वाढवता येतात. सर्वांना काम मिळाले, की एक वाढवण्यासाठी दुसरे कमी करावेच लागते. १९६५ च्या अखेरीस अमेरिका त्या रेषेवर येऊन ठेपली होती. आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष गार्डनर ॲक्ली यांनी त्या डिसेंबरात करवाढीचा स्पष्ट सल्ला दिला. तो मानला गेला नाही. मध्यवर्ती बँकेचे प्रमुख मार्टिन यांनी मात्र आपल्या अधिकारात बँकदर ४ वरून साडेचार टक्के केला. संतापलेल्या अध्यक्षांनी त्यांना टेक्सासमधील आपल्या शेतावर बोलावून खडसावले, पण दर तसाच राहिला. जानेवारी १९६६ च्या अंदाजपत्रकात व्हिएतनामसाठी सुमारे १,००० कोटी डॉलर धरण्यात आले, आणि तेही युद्ध ३० जून १९६७ पर्यंत संपेल अशा गृहीतकावर. प्रत्यक्षात त्या आर्थिक वर्षात जवळजवळ दुप्पट खर्च झाला. शिक्षण, गृहनिर्माण, आरोग्य यांच्या तरतुदी ज्या आकडेमोडीवर उभ्या होत्या, तिचा पायाच खोटा ठरला. कराने जो भार उघडपणे वाटला गेला असता, तो महागाईने आणि चढ्या व्याजाने आंधळेपणाने वाटला. १९६५ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास असलेली भाववाढ १९६९ साली साडेपाच टक्क्यांवर गेली. १९६६ मध्ये पैशाची टंचाई अशी झाली, की घरबांधणी एकदम खाली आली. आणि घराची गरज सर्वांत जास्त कोणाला असते, हे सांगायला नको.

या काळात भारताचाही जॉन्सन यांच्याशी जवळून आणि कटू संबंध आला. १९६४-६५ साली आपले अन्नधान्य उत्पादन ८ कोटी ९० लाख टनांच्या आसपास होते. पुढच्या वर्षीच्या अवर्षणाने ते ७ कोटी २० लाख टनांवर आले. पी. एल. ४८० खाली येणारा गहू आणि रेशनवरची ती लाल मिलो यांच्यावर शहरे जगत होती. अशा वेळी जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार न करता थोड्या थोड्या महिन्यांपुरते धान्य सोडण्याचे धोरण ठेवले आणि जहाजांचा निर्णय स्वत:च्या हाती घेतला. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे, हा एक हेतू होता. व्हिएतनामवरील बाँबवर्षावावर भारताने केलेल्या टीकेचा राग हाही त्यात मिसळला होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे सी. सुब्रह्मण्यम आणि अमेरिकेचे शेतीमंत्री फ्रीमन यांच्यात शेती-सुधारणेचा समझोता झाला, मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला जाऊन आल्या, जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांना मिळू लागला. त्या वर्षी आपण एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले. मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले तेही त्याच वर्षी. हरितक्रांतीचे श्रेय जॉन्सन यांच्या दटावणीला देणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. सुब्रह्मण्यम यांचे विचार त्याआधीच ठरले होते. मात्र कोटुलाच्या उपाशी मुलांचा मास्तर दुसऱ्या देशाच्या भाकरीवर हात ठेवून बसला होता, ही गोष्ट त्याचे चरित्र लिहिताना गाळता येणार नाही.

घरातही आग लागलीच होती. मतदान हक्काच्या कायद्यावर सही होऊन पाच दिवस झाले नाहीत तोच लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली आणि ३४ माणसे मेली. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइटमध्ये ४३ मेली. उत्तरेकडील शहरांतील कृष्णवर्णीयांना मताचा हक्क पूर्वीच होता. त्यांना काम आणि घर हवे होते, आणि त्यासाठी लागणारा पैसा तर दुसरीकडे जात होता. दारिद्र्यनिवारण कार्यालयाची वार्षिक तरतूद कधी २०० कोटी डॉलरच्या वर गेली नाही, त्या वेळी व्हिएतनामचा खर्च वर्षाला २,००० कोटींच्या पुढे होता. एप्रिल १९६७ मध्ये किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये हा विरोध जाहीरपणे दाखवून दिला आणि जॉन्सन यांच्याशी त्यांचा असलेला दुवा तुटला. महाविद्यालयात शिकणाऱ्यांना सक्तीच्या भरतीतून सवलत होती. गरिबांच्या मुलांना नव्हती. इतकेच नव्हे, तर १९६६ पासून भरतीच्या परीक्षेचे निकष खाली आणून सुमारे साडेतीन लाख तरुण सैन्यात घेतले गेले. हे दारिद्र्याविरुद्धच्या युद्धाचेच अंग आहे, असे मॅकनामारा यांनी भासवले. दोन युद्धे एकमेकांत मिसळली ती अशी.

ऑगस्ट १९६७ मध्ये जॉन्सन यांनी अखेर प्राप्तिकरावर दहा टक्के अधिभार मागितला. दोन वर्षे उशीर झाला होता. प्रतिनिधिगृहाच्या करसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी अट घातली, की आधी ६०० कोटींची खर्चकपात करा; म्हणजे १९६५ मध्ये ज्याची भीती होती तेच, पण आता विश्वासार्हता गेल्यावर. २८ जून १९६८ रोजी अधिभार आणि कपात दोन्ही कायद्यात आले. त्या आर्थिक वर्षाची तूट २,५०० कोटी डॉलर झाली होती. मार्च महिन्यात लंडनच्या बाजारात सोन्यासाठी अशी झुंबड उडाली, की ३५ डॉलरला औंस हा भाव खुल्या बाजारात टिकवण्याचा नाद अमेरिकेला व तिच्या मित्रराष्ट्रांना सोडावा लागला. १९७१ साली निक्सन यांनी डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले, त्याची सुरुवात येथे आहे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की अधिभारामुळे १९६९ च्या आर्थिक वर्षात अंदाजपत्रकात शिल्लक पडली. तशी शिल्लक अमेरिकेला त्यानंतर थेट १९९८ साली दिसली.

पण १९६८ साली आकड्यांकडे पाहायला कोणाला सवड होती? जानेवारीअखेर तेतच्या सणात व्हिएतकाँगने शहराशहरांतून हल्ले चढवले आणि युद्ध जिंकत आल्याचे सरकारी दावे उघडे पडले. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी मॅकार्थी यांना ४२ टक्के मते मिळाली. चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. ३१ मार्चच्या रात्री दूरचित्रवाणीवरून बाँबफेक मर्यादित करण्याची घोषणा करता करता जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे सांगून राष्ट्राला चकित केले. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली. शंभराहून अधिक शहरे पेटली. त्या धुरातच, आठवड्याच्या आत, घरांच्या विक्री-भाड्यातील वंशभेद बंद करणारा कायदा त्यांनी संमत करवून घेतला. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गेले, ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी तरुणांची डोकी फोडली आणि नोव्हेंबरात निक्सन निवडून आले. डिसेंबरात तीन अंतराळवीर चंद्राला प्रदक्षिणा घालून आले, एवढीच काय ती त्या वर्षाची सुवार्ता.

जॉन्सन यांनी सत्ता सोडली त्या वर्षी दारिद्र्यरेषेखालील अमेरिकनांचे प्रमाण १२ टक्क्यांवर आले होते. कृष्णवर्णीयांत ते १९५९ मध्ये ५५ टक्के होते, १९६९ मध्ये ३२. ही घट केवळ कायद्यांमुळे झाली असे म्हणता येणार नाही. युद्धाने तापलेल्या अर्थव्यवस्थेने निर्माण केलेले रोजगारही त्यात आहेत, ही कडवट गोष्ट माझ्या विषयातील प्रामाणिक माणसाला नाकारता येत नाही. व्हिएतनाममध्ये एकंदर ५८ हजारांहून अधिक अमेरिकन मेले, त्यांतील निम्म्याहून अधिक जॉन्सन यांच्या कारकीर्दीत. व्हिएतनामी मृतांचा आकडा लाखांत मोजावा लागतो.

निवृत्तीनंतर ते पेडर्नालेसकाठच्या शेतावर राहिले. १९५५ च्या हृदयविकारानंतर सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू केली, केस मानेवर रुळतील इतके वाढवले, गुरांच्या चाऱ्यापाण्याचा आणि अंड्यांचा हिशेब गड्यांकडून रोज घेऊ लागले. डिसेंबर १९७२ मध्ये ऑस्टिन येथे नागरी हक्कांवर परिसंवाद झाला, तेव्हा डॉक्टरांचा विरोध असतानाही ते गेले आणि भाषण चालू असताना छातीत कळ आली म्हणून गोळी तोंडात टाकून पुढे बोलत राहिले. ते त्यांचे शेवटचे मोठे भाषण. २२ जानेवारी १९७३ रोजी दुपारी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. ट्रूमन महिन्यापूर्वीच वारले असल्याने ध्वज आधीच अर्ध्यावर उतरलेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निक्सन यांनी व्हिएतनाममधील शस्त्रसंधीची घोषणा केली, आणि महिनाअखेर त्यांनी सादर केलेल्या अंदाजपत्रकात दारिद्र्यनिवारण कार्यालयासाठी तरतूद नव्हती.